मदत हवी आहे: पनीर युनिटसाठी प्रदूषण मंडळाचं संमतीपत्र, सरकारी फी नेमकी कशावर ठरते?

नीराकाठ
नमस्कार मंडळी. फलटण तालुक्यात आमची पाच गुंठे जागा आहे, बिनशेती झालेली. तिथं मी आणि माझे धाकटे दीर मिळून छोटं दूधप्रक्रिया युनिट टाकतोय. रोजचं साधारण 1500 लिटर दूध, त्यातलं निम्मं पनीरला, उरलेलं दही-तुपाला. शेड 14 लाखांत होईल, मशिनरीची कोटेशनं 22 लाखांपर्यंत आली आहेत. पीएमएफएमई योजनेतून (छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीची केंद्राची योजना) कर्जप्रकरण टाकलंय (35 टक्के अनुदान, जास्तीत जास्त 10 लाख). बांधकामाला अजून हात लावलेला नाही.

बँकेने कागदपत्रांच्या यादीत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र मागितलंय. त्यासाठी एका सल्लागाराला गाठलं. त्याने एका कागदावर एकच आकडा लिहून दिला: 2,40,000, "सरकारी फी धरून". फोड विचारली तर म्हणाला, जल संमती वेगळी, वायू संमती वेगळी, घातक कचऱ्याची परवानगी वेगळी, सांडपाण्याचं लायसन वेगळं, सगळ्याची फी भरावी लागते. वर, संमतीपत्राशिवाय युनिट चालू केलं तर थेट जेल.

फूड लायसनचं मला कळलं. 501 ते 10,000 लिटर दुधाला राज्य परवाना, वर्षाला 3,000 रुपये. विषय संपला. प्रदूषण मंडळाची फी अशी एका ओळीत कुठे सापडेना. तर माझे प्रश्न:

ही फी लिटरवर आहे, सांडपाण्यावर आहे की आणखी कशावर? एकदाच भरायची की दरवर्षी? आणि एवढ्याशा युनिटला संमतीपत्र खरोखर लागतं का? शेजारच्या गावात एक जण बिनधास्त खवा काढतोय, त्याच्याकडे यातलं काही नाही.

माळरान
2,40,000?? कुठला सल्लागार हा, आमच्याकडे पाठवा, दोन म्हशी घेऊ त्या पैशात.

हिशेबनीस
ताई, आधी फीचं सांगतो, कारण सल्लागाराचा सगळा खेळ तिथेच आहे.

मंडळाची फी लिटरवरही नाही आणि सांडपाण्याच्या घनमीटरवरही नाही. ती तुमच्या भांडवली गुंतवणुकीवर ठरते. जमीन, इमारत, यंत्रसामग्री ही तिन्ही धरायची, मूळ किमतीला, घसारा (वापराने दरवर्षी होणारी किंमतघट) वजा न करता. त्या एकूण आकड्याचं सीएचं प्रमाणपत्र अर्जासोबत जोडावं लागतं. गुंतवणुकीचे टप्पे पाडलेले आहेत, तुम्ही ज्या टप्प्यात पडता त्या टप्प्याची फी. "घसारा वजा न करता" हे नीट लक्षात ठेवा. दहा वर्षांनी नूतनीकरणाला जाल तेव्हा मशीन भंगारात निघायला आलेलं असेल, तरी मंडळाच्या लेखी ते 22 लाखांचंच. दरम्यान नवी मशीन घेतली की आकडा वर चढतो आणि वरच्या टप्प्याचा फरक भरावा लागतो.

संमती दोनदा घ्यायची आहे. बांधकामाआधी स्थापनेची, उत्पादनाआधी चालवण्याची. दोन्ही वेळा फी. स्थापनेच्या अर्जात प्रस्तावित गुंतवणूक लिहायची, चालवण्याच्या अर्जात प्रत्यक्ष झालेली. विटा पडायच्या आधी विचारलंत हे बरं झालं, कारण जल कायद्याचं कलम 25 स्थापनेच्याच आधी संमती मागतं.

दरवर्षी भरायची का, ते तुमच्या रंगावर आहे.

नीराकाठ
रंगावर?

हिशेबनीस
उद्योगांना प्रदूषण निर्देशांकाप्रमाणे लाल, नारिंगी, हिरवा, पांढरा असे वर्ग दिलेले आहेत. 2016 ची केंद्रीय मंडळाची वर्गवारी पाहिली तर 60 आणि वर लाल, 41 ते 59 नारिंगी, 21 ते 40 हिरवा, 20 पर्यंत पांढरा. 2025 मध्ये ही मोजपट्टी बदलली आणि अत्यावश्यक पर्यावरण सेवांसाठी निळा असा एक वर्ग वाढवला. पांढऱ्याला संमतीची गरज नाही. छोटी दुग्धप्रक्रिया 2016 च्या यादीत नारिंगीत होती, तुम्ही अर्ज भरायच्या दिवशीची यादी उघडून आपली ओळ शोधा. 2016 च्या पद्धतीत चालवण्याची संमती लाल उद्योगाला 5 वर्षांपर्यंत, नारिंगीला 10, हिरव्याला 15 वर्षांपर्यंत मिळायची, आत्ताची मुदतही यादीसोबत पाहून घ्या. मुदत जितकी जास्त मागाल तितकी फी एकदम भरावी लागते. सल्लागाराने तुमच्यासाठी किती वर्षं धरली आहेत हे त्या कागदावर आहे का?

नीराकाठ
नाही. वर्ष नाही, वर्ग नाही, काहीच नाही. नुसता आकडा आणि खाली सही.

ईटीपीवाला
मी एका दूध संघाच्या ईटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्रकल्पावर काम करतो. फी कमी वाटली म्हणून हुरळून जाऊ नका, खरा खर्च पुढे आहे.

पण आधी ते जल-वायू-कचरा वेगळं प्रकरण. महाराष्ट्रात अर्ज एकच असतो आणि संमतीपत्रही एकच येतं. त्यात 1974 चा जल कायदा, 1981 चा वायू कायदा आणि 2016 च्या नियमांखालचं घातक कचऱ्याचं प्राधिकारपत्र असं सगळं एका कागदावर. तुमच्या बाबतीत घातक कचरा म्हणजे जनरेटरचं जळकं ऑइल, तेवढंच. "सांडपाण्याचं लायसन" नावाचा निराळा कागद नाही, सांडपाणी किती, कुठे, कसं सोडायचं ते त्याच संमतीपत्राच्या परिशिष्टात लिहून येतं. पूर्वी पाणी उपकर असायचा, 1977 च्या कायद्याचा, दरमहा विवरणपत्र भरायचो आम्ही. जीएसटी आला तेव्हा जुलै 2017 पासून तो गेला. तुमच्या सल्लागाराच्या डोक्यात अजून असेल तर काढून टाकायला सांगा.

आता पाणी. दुग्धप्रक्रियेला मानक असं आहे की एक हजार लिटर दुधामागे सांडपाणी 3 घनमीटरपेक्षा जास्त नको. तुमचं 1500 लिटर, म्हणजे दिवसाला फार तर साडेचार हजार लिटर. कॅन धुणं, फरशी धुणं, दुधाच्या मोठ्या टाक्या धुणं, सगळं धरून. प्रक्रिया केल्यावर बीओडी (पाण्यातली घाण कुजताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) 100 च्या आत, निलंबित घन पदार्थ 150 च्या आत, तेल-ग्रीस 10 च्या आत (तिन्ही लिटरमागे मिलिग्रॅममध्ये), सामू (पीएच) साडेसहा ते साडेआठ. ज्या पाण्यात सोडताय ते पुढे पिण्यासाठी उचललं जात असेल तर बीओडी 30 पर्यंत खाली आणायला लावू शकतात. तुमच्या शिवारातला ओढा कुठे जातो?

नीराकाठ
नीरेला. खालच्या अंगाला दोन गावांच्या विहिरी आहेत नदीकाठी.

ईटीपीवाला
मग ओढ्यात सोडायचा विचारच करू नका. प्रक्रिया करून स्वतःच्या जागेत झाडांना, असं अर्जात लिहा. पाच गुंठ्यांत शेड गेल्यावर किती झाडं बसतात ते मात्र मोजा. रोज साडेचार हजार लिटर मुरवायला जागा लागते, पावसाळ्यात तर जास्तच. लागूनच घरची शेती असेल तर ती जमीन नकाशात दाखवा, सातबारा जोडा.

आणि पनीरचं निवळं, म्हणजे दूध फाडल्यावर उरतं ते पाणी! ते ईटीपीत अजिबात घालू नका. धुण्याच्या पाण्याची बीओडी हजार-दोन हजार असते, निवळ्याची तीस हजारांच्या वर जाते. तुमचं 750 लिटर दूध पनीरला जाणार, म्हणजे 600 लिटरच्या आसपास निवळं रोज. एवढं निवळं छोट्या एरेशन टाकीत (हवा सोडून जिवाणूंकडून पाणी साफ करायची टाकी) गेलं की जिवाणू दोन दिवसांत बसतात आणि टाकी आंबते, मग तुमची ईटीपी कितीही लाखांची असो. निवळ्याला वेगळी टाकी, वेगळं गिऱ्हाईक. डुक्करपालनवाले, गोठेवाले नेतात. नेणाऱ्याशी कागद करून अर्जाला जोडा, तपासणीला येणारा अधिकारी दुधाच्या युनिटमध्ये तेच आधी विचारतो.

तुमच्या मापाला ग्रीस ट्रॅप, समतोल टाकी, एरेशन, निवळण टाकी, वाळू-कोळशाचा फिल्टर एवढं पुरतं. ईटीपीला विजेचा वेगळा मीटर आणि पाण्याला फ्लोमीटर आत्ताच आराखड्यात धरा, नंतर फरशी फोडावी लागते. जनरेटर किती केव्हीएचा?

नीराकाठ
25.

ईटीपीवाला
मग धुराडं छपराच्या वर निदान एक मीटर. सूत्र: इमारतीच्या उंचीत केव्हीएच्या वर्गमुळाची 0.2 पट मिळवायची. 25 चं वर्गमूळ 5, त्याची 0.2 पट 1.

सहीशिक्का
निवृत्त आहे, उद्योगांचे कागद हाताळण्यात उमेदीची वर्षं गेली. कोणाला विचारायची गरज नाही, ताई, एक सोपी वाट सांगतो.

मंडळ दिलेली संमतीपत्रं आपल्या संकेतस्थळावर टाकतं. तुमच्यासारख्याच मापाच्या एखाद्या डेअरीचं संमतीपत्र उघडा. पहिल्या पानांवर लिहिलेलं असतं, प्रकल्पाची भांडवली गुंतवणूक इतकी, सीएच्या प्रमाणपत्राप्रमाणे. आणि सहीखाली एक छोटा तक्ता असतो: मिळालेलं संमती शुल्क, रक्कम, व्यवहार क्रमांक, तारीख. म्हणजे कोणी किती गुंतवणुकीवर, किती वर्षांसाठी, किती फी भरली हे छापील समोर येतं. अशी दोन-तीन पत्रं चाळलीत की सल्लागाराच्या आकड्यात सरकारी किती आणि त्याचं किती ते आपोआप कळेल. इतकी उघडी गोष्ट, पण कोणी शेवटचं पान बघत नाही. कायद्यातही कलम 25 खाली अटींची नोंदवही ठेवून ती संबंधितांना पाहू द्यायची तरतूद आहे, हे लोकांना ठाऊक नसतं.

दुसरं, बँक हमी. अटी पाळाल याची हमी म्हणून मंडळ ती मागू शकतं. ती फी नव्हे. बँक तुमची ठेव अडकवते आणि अटी पाळल्या की मोकळी होते, मोडल्या की जप्त. कुणी "फी" म्हणून तिची रोख रक्कम मागितली तर सावध. मंडळाचे लोक नमुने नेतात, त्याला सगळे जेव्हीएस म्हणतात, त्या तपासणीचं बिल येतं, ते आणखी निराळं.

तिसरं, वेळ. अर्ज पूर्ण असेल आणि मंडळाने चार महिन्यांत होय-नाही काहीच कळवलं नाही तर कलम 25 (7) प्रमाणे संमती मिळाली असं मानलं जातं. नामंजुरीवर किंवा जाचक अटीवर 30 दिवसांत अपील करता येतं. त्याच्याही वर हरित न्यायाधिकरण, पश्चिम विभागाचं पीठ पुण्यातच आहे. तुमची वेळ तिथपर्यंत यायची नाही.

माळरान
आणि ते जेलचं? खव्यावाल्याचं?

सहीशिक्का
जल कायद्यात विनासंमती चालवण्याला दीड ते सहा वर्षं कैद लिहिलेली आहे, म्हणजे सल्लागार हवेतलं बोलत नव्हता. 2024 च्या दुरुस्तीने कायद्यातल्या इतर काही उल्लंघनांना कैदेऐवजी 10,000 ते 15 लाखांचा दंड आणला, मात्र ही दुरुस्ती ज्या राज्याने ठराव करून स्वीकारली तिथेच लागू होते. पण धंदा बसतो तो कैदेने नाही, कलम 33 अ ने. बंद करण्याचा आदेश निघतो आणि त्याची प्रत वीज कंपनीला जाते. शीतगृहात चारशे किलो पनीर असताना वीज गेली तर काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

शिवाय पर्यावरण नुकसानभरपाई. केंद्रीय मंडळाचं सूत्र आहे: निर्देशांक × दिवस × उद्योगाचं माप × रुपये × ठिकाण. नारिंगीचा निर्देशांक सरासरी 50, लघुउद्योगाला 0.5, रुपयांचा घटक 250, लहान गावाला 1. गुणाकार करा, दिवसाला 6,250. सूत्रातून कमी आलं तरी किमान 5,000 दिवसाला. चाळीस दिवस उल्लंघन चाललं तर तुमच्या सल्लागाराचा आकडा लाजेल.

खव्यावाला सापडला नाही इतकंच. कलम 25 मध्ये "लहान असेल तर सोडा" असं कुठेही लिहिलेलं नाही. जमिनीवर, ओढ्यात, विहिरीत, गटारात सांडपाणी जाणार असेल तर संमती हवीच.

नीराकाठ
काल रात्री बसून पत्रं उघडली. सहीशिक्का काका म्हणतात तसा तक्ता खरंच आहे सहीखाली! आमच्यापेक्षा जास्त गुंतवणुकीच्या डेअऱ्यांनी भरलेली फीसुद्धा 2,40,000 च्या जवळपास कुठे नाही. ती पत्रं छापून आज दिरांनी सल्लागाराला दाखवली. मग म्हणाला, त्यात ईटीपीचं ड्रॉइंग, प्रयोगशाळेचे अहवाल, "बाकीचा खर्च" असं सगळं धरलंय. "बाकीचा खर्च" म्हणजे काय यावर गप्प.

दीर म्हणतात अर्ज आपणच भरू. मला ड्रॉइंगची धास्ती वाटते. आणि एक शंका: जागा सासऱ्यांच्या नावावर आहे, युनिट आमच्या दोघांच्या भागीदारीत. गुंतवणुकीत जागा धरायची का?

हिशेबनीस
सासऱ्यांशी नोंदणीकृत भाडेकरार करा, जागेचा हक्क दाखवायला तसाही लागेल. भागीदारीच्या पुस्तकात काय मालमत्ता दिसते त्यावरून सीए प्रमाणपत्र देईल. सीएला आधीच सांगा की हे प्रमाणपत्र प्रदूषण मंडळासाठी आहे आणि घसारा वजा न करता हवंय, नाहीतर सवयीने निव्वळ किंमत लिहून देतात आणि अर्ज परत येतो. ईटीपीचा खर्चही मशिनरीत धरला जाईल, 22 लाखांत तो नसेल तर मिळवा.

सल्लागार ठेवायला माझी ना नाही. फी पोर्टलवर तुम्ही तुमच्या खात्यातून भरा, पावती तुमच्या नावाची. पोर्टलचं लॉगिन आणि पासवर्ड तुमच्या मोबाइल आणि ईमेलवरच राहू द्या. त्याला फक्त कामाचे पैसे द्या, ड्रॉइंगचे इतके, अर्जाचे इतके, असं लिहून घेऊन. संमती आल्यावर मुदत संपायच्या 60 दिवस आधीची तारीख भिंतीवर लिहा, नूतनीकरणाचा अर्ज तेव्हा जायला हवा. दरवर्षी 30 सप्टेंबरच्या आत पर्यावरण विवरणपत्र, नमुना 5. त्याला फी नाही, पण विसरलं की पुढच्या वेळी तेच आधी काढतात.

ईटीपीवाला
ड्रॉइंगला घाबरू नका. पाच हजार लिटरची ईटीपी आहे, साखर कारखाना नाही. टाक्यांची मापं आणि एक प्रवाहरेखा, डिप्लोमा झालेला कुणीही काढून देईल. पण निवळं कोण नेणार ते आधी नक्की करा, बाकी सगळं त्यावर बसतं. लोणंदच्या बाजूला एक डुक्करपालनवाला आमच्याकडचं नेतो, त्याला अजून हवंय. नंबर इथं टाकत नाही, व्यक्तिगत निरोप केलाय.