जपानने मिशनऱ्यांना हाकललं ते बरंच केलं?

मीठागर: काल इथे कुणीतरी लिहिलं, "जपानी शहाणे, पाद्र्यांना वेळीच हाकललं. आपण मात्र गोव्यात सोसत बसलो." खाली वा वा म्हणणाऱ्यांची रांग. वाचून राहवलं नाही. १६१४ मध्ये ख्रिस्ती धर्मावर बंदी आली, त्यानंतर येशू-मारियेच्या प्रतिमेवर पाय द्यायला लावायचे. नाही दिला, तर कित्येकांना खड्ड्यात उलटं टांगलं. त्यात पाद्री थोडे, जपानी शेतकरीच जास्त. १८६५ साली नागासाकीच्या ओउरा चर्चमध्ये जवळच्या उराकामी गावची, लपून ख्रिस्ती राहिलेली माणसं फ्रेंच फादर पतिजाँसमोर येऊन उभी राहिली. दोनशे वर्षांवर एकही फादर नव्हता, तरी घराघरांत बाप्तिस्मा चालू होता. अशांना छळणं हे शहाणपण?

कोयनाकाठ: शेतकऱ्यांचं वाईट मलाही वाटतं. पण सुरुवातीचंही लिहा की. नागासाकीकडचा सरदार ओमुरा सुमितादा, त्याने बाप्तिस्मा घेतला, पुढे १५७४ च्या सुमारास त्याच्या मुलखात देवळं जाळली, रयतेला सक्तीने बाटवलं. १५८० मध्ये नागासाकी बंदरच जेझुइट पाद्र्यांना दिलं. पोर्तुगीज व्यापारी जपानी माणसं गुलाम म्हणून विकत नेत, त्यातली काही गोव्यापर्यंत आली. १५८७ मध्ये जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याने तिथल्या जेझुइटांचा प्रमुख कोएल्यो याला याचाच जाब विचारला. कोणता राज्यकर्ता गप्प बसला असता?

शिंपला: आणि जपानात पहिल्यांदा धर्मप्रसाराला गेलेला जेझुइट झेवियर? १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह्यांना शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, कुणी मागितलं? आमचा मंगेश कुशस्थळीहून प्रियोळला न्यावा लागला. घरात अजून त्या रात्रीबद्दल बोलतात.

मीठागर: धागा जपानचा आहे. इन्क्विझिशन आलं १५६० साली, झेवियर १५५२ मध्येच वारले.

शिंपला: मेला म्हणून मागणी पुसली जाते का?

मीठागर: नाही. पत्र त्यांचंच. पण त्याचा हिशेब उराकामीच्या शेतकऱ्याकडे का मागता?

बोळिंजची_लेक: मी वसईची. इथे सगळे "गोरे पाद्री" म्हणून मोकळे होताहेत. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत क्रुसावर चढवलेल्या २६ जणांत आमच्या वसईचे गोन्सालो गार्सिया होते. आधी व्यापार करायचे. जपानी येत होतं म्हणून फ्रान्सिस्कन पंथाच्या पाद्र्यांचे दुभाषे झाले. त्या २६ पैकी २० जण जपानी, त्यात बारा वर्षांचा लुईससुद्धा. कानाचा तुकडा कापून क्योतोहून ऐन थंडीत चालवत नेलं. कॉलेजात मला तोंडावर विचारलंय, "तुम्ही तांदळासाठी बाटलात ना?" माझी आजी गोन्सालोंच्या सणाला उपास धरायची. तिच्या भक्तीची किंमत तांदळात करता?

कोयनाकाठ: तांदळाचं मी बोललो नाही. पण गोन्सालोचा बाप पोर्तुगीज. तो आपला कसा?

बोळिंजची_लेक: आई वसईची होती. आईचं काहीच नाही का? जन्म इथला, वाढला इथे. तुमच्या गावात जन्मलेल्याला असं विचाराल?

शिंपला: विचारतात. गोव्यात आम्हालाही विचारतात.

कोयनाकाठ: बरं, गोन्सालो तुमचेच. त्यावरून भांडत नाही. पण गुलामांचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

मीठागर: देतो. गुलामगिरी पाप होती आणि जेझुइटांनी ती वेळेवर थांबवली नाही. पण १८६८ नंतर उराकामीच्या तीन हजारांहून अधिक लोकांना घरं सोडायला लावून देशभर पांगवलं, ते जपानच्या नव्या मेइजी सरकारने. तेव्हा कुठे होता सुमितादा, कुठे होते गुलामांचे व्यापारी? बंदीच्या पाट्या उतरल्या १८७३ मध्ये, त्याही परदेशी सरकारांनी टोकल्यावर.

कोयनाकाठ: ते चुकलंच त्यांचं. हिदेयोशीचा जाब मात्र मी मागे घेणार नाही.

बोळिंजची_लेक: तो कोएल्योला विचारा. लुईसला नको.