बी.ए. नंतर स्वयंसेवी संस्था की धोरण-अभ्यास?

प्रश्न : विद्यार्थिनी, दांडिया बझार, वडोदरा

मी महाराजा सयाजीराव विद्यापीठात अर्थशास्त्र घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे स्वयंसेवी संस्थेत किंवा शासकीय धोरणांच्या अभ्यासात काम करण्याची इच्छा आहे. परंतु बँकेची परीक्षा द्यावी आणि समाजसेवा रविवारी करावी, असे बाबांचे म्हणणे आहे. या क्षेत्रात उदरनिर्वाह होतो का? एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी) करावे की सार्वजनिक धोरणातील पदव्युत्तर पदवी घ्यावी? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : निवृत्त प्रकल्प समन्वयक, वडोदरा

आपण या दोन वाटा एकत्र धरल्या आहेत, पण त्यांची रोजची कामे फार निराळी आहेत. सयाजीराव महाराजांनी सक्तीचे प्राथमिक शिक्षण १८९३ मध्ये आधी अमरेली भागात सुरू केले आणि १९०६ मध्ये संपूर्ण राज्याला लागू केले. अशा प्रयोगाचा खर्च राज्याला पेलेल का आणि एका भागात जमले ते दुसरीकडे जमेल का, हे तपासणे म्हणजे धोरण-अभ्यास. गैरहजर मुलाच्या घरी जाऊन त्याच्या आईवडिलांशी बोलणे हे संस्थेचे काम. आपला जीव कशात रमतो, हे पदवी निवडण्याआधी कळलेले बरे.

एम.एस.डब्ल्यू. आपल्याच विद्यापीठात होते आणि त्यात क्षेत्रकार्य करावेच लागते. आणंदला १९७९ मध्ये स्थापन झालेल्या इर्मामध्ये, जी २०२५ पासून त्रिभुवन सहकारी विद्यापीठ झाली आहे, ग्रामीण व्यवस्थापन शिकवतात. मात्र तेथील शुल्काचा हिशेब बाबांसमोर बसूनच करावा. धोरणाकडे ओढा असेल तर पी.आर.एस. या संसदीय कामकाजाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेची ‘लॅम्प’ फेलोशिप पाहावी. तीत तरुण पदवीधरांना एका खासदारासाठी संसदीय कामकाजाचे संशोधन करावे लागते.

उत्तर : लेखापाल, मांजलपूर

बाबांची काळजी अनाठायी नाही. परदेशी देणग्यांतून प्रशासकीय खर्चासाठी वापरता येणारा हिस्सा परदेशी देणग्यांविषयीच्या कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीने ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणला, त्यामुळे अशा निधीवर चालणाऱ्या संस्थांना कार्यालयातील पगारांसाठी हात आखडता घ्यावा लागतो. कंपनी कायदा, २०१३ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करायचे असतात, परंतु हा पैसा बहुधा प्रकल्पापुरता येतो आणि प्रकल्प संपला की नेमणूकही संपते. मुलाखतीत आपला पगार कोणत्या निधीतून आणि किती काळ मिळणार आहे, हे निःसंकोच विचारावे. या प्रश्नाने जी संस्था नाराज होईल तेथे जाऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

विद्यार्थिनी

आभारी आहे. सुट्टीत छोटाउदेपूर जिल्ह्यातील एखाद्या संस्थेत काम करण्याचा विचार आहे. माझे गुजराती बोलण्यापुरते बरे आहे. तेवढे पुरेल का?

निवृत्त प्रकल्प समन्वयक

गावांत राठवी बोलली जाते, ती कानावर पडता पडता समजू लागेल. ग्रामसभेचे ठराव मात्र गुजरातीत आणि पुष्कळदा हाताने लिहिलेले असतात, तेव्हा आतापासून तसे हस्ताक्षर वाचण्याचा सराव ठेवावा.