इंजिनिअरिंगच्या केंद्रीय प्रवेशाचा (कॅप) ऑप्शन फॉर्म: 'सेफ' कॉलेज एक नंबरला टाकायचं का?

कळव्याची आई:
मुलगा ओपनमधला, इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेत (एमएचटी-सीईटी पीसीएम) ९१ पर्सेंटाइल. त्याला कॉम्प्युटर ब्रांचच हवीय. त्याचा क्रम असा: माटुंग्याचं व्हीजेटीआय, वाशीचं फादर अ‍ॅग्नेल, नेरूळचं एसआयईएस, शेवटी ऐरोलीचं दत्ता मेघे. एक काउन्सेलर म्हणतात, "वर मोठी नावं टाकलीत तर खालचंही हातचं जाईल. मिळणार तेच एक नंबरला टाका." खरं आहे का हे?

घोडबंदरवाला:
ताई, हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला? सेफ टाका नि मोकळ्या व्हा.

गणिताच्या बाई, ऐरोली:
ताई, असं मुळीच करू नका. दर जूनमध्ये बारावीची पोरं फॉर्म घेऊन माझ्याकडे येतात आणि हीच भीती घेऊन येतात. फार जीव तुटतो.

सीटा वाटणारा कॉम्प्युटर मेरिटमध्ये वरच्या मुलापासून सुरू करतो, त्याची यादी वरून खाली वाचतो आणि जी पहिली रिकामी सीट दिसेल ती देतो. दत्ता मेघे तुम्ही चौथ्या नंबरला टाकलंय, म्हणून मेरिटमध्ये तुमच्या मागे असलेला मुलगा ते पहिलं टाकून तुमच्या पुढे जाऊ शकत नाही. व्हीजेटीआय नाही मिळालं, तर नुसतं पुढच्या ओळीवर जायचं.

काउन्सेलर सांगतात तशी पद्धत बॉस्टनच्या शाळांत खरोखर होती. पहिली पसंती देणाऱ्यांना आधी जागा मिळायच्या. ज्या घरांना ही मेख माहीत होती ती क्रम जुळवून सुटायची, आणि जी मनातलं खरं लिहायची ती मार खायची. संशोधकांनी हे दाखवून दिल्यावर २००५ मध्ये बॉस्टनने ती पद्धत सोडली. तिथल्या नवीन पद्धतीच्या मुळाशी गेल आणि शेपली या गणितज्ञांचा १९६२ चा लेख आहे. शेपली आणि ते प्रत्यक्षात उतरवणारे अर्थतज्ज्ञ रॉथ यांना २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच कामासाठी.

खरा धोका वेगळाच आहे: ऑटो फ्रीझ. २०२५-२६ च्या नियमांत पहिल्या राउंडला एक नंबरचं, दुसऱ्याला पहिल्या तिनातलं, तिसऱ्याला पहिल्या सहातलं कॉलेज लागलं की तेच घ्यावं लागायचं, पुढचे राउंड बंद. म्हणजे 'सेफ' एक नंबरला टाकलं, तर पहिल्याच राउंडला पोरगं तिथे अडकणार! यंदाची माहितीपुस्तिका उघडून हा नियम आधी वाचा.

कळव्याची आई:
बाई, खूप आभार. मग त्याचाच क्रम ठेवते. उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे, टीएफडब्ल्यूएसचं, म्हणजे ट्यूशन फी माफीच्या सीटचं, काय करू?

गणिताच्या बाई, ऐरोली:
त्याचा चॉइस कोड, म्हणजे फॉर्ममध्ये कॉलेज-ब्रांचसाठी टाकायचा नंबर, वेगळा असतो, शेवटी 'टी' लागलेला. ट्यूशन फी माफ असल्यामुळे त्याचा कटऑफ सहसा वर जातो. त्याच ब्रांचचा 'टी'वाला कोड आधी, लगेच खाली साधा कोड. पुष्कळ जण साधा वर टाकतात आणि मग ती फी माफीची सीट हाती येतच नाही. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आत्ताच काढून ठेवा, आणि फॉर्म नुसता सेव्ह करून थांबू नका, कन्फर्म करा.