पट घटला म्हणून पालिकेची मराठी शाळा बंद करावी का?

वाशिष्ठी (चिपळूण)

मुंबई महानगरपालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा गेली अनेक वर्षे एकेक करून बंद होत आहेत किंवा शेजारच्या शाळेत विलीन केल्या जात आहेत, आणि प्रत्येक वेळी कारण एकच दिले जाते: पट, म्हणजे हजेरीपटावरच्या मुलांची संख्या, उरला नाही. प्रश्न मुंबईचा असताना त्याची चर्चा आपण कोकणात बसून का करावी, असे कोणी विचारील. लालबाग, परळ, शिवडी, भांडुप येथील पालिका शाळांच्या हजेरीपटावर आपल्या गावांतल्या घरांची नावे पिढ्यान्‌पिढ्या लागली, आणि पटाचा तोच न्याय आता आपल्या वाड्यांतल्या जिल्हा परिषद शाळांनाही लावला जात आहे, म्हणून ही चर्चा आपली आहे. माझे म्हणणे असे, की पट घटणे हा बहुतेक ठिकाणी परिणाम असतो. त्यालाच कारण ठरवून शाळा बंद करणे म्हणजे आधी झरा बुजवायचा आणि मग पाणी नाही म्हणून विहीरच बुजवायची.

मुंबईतला मराठी पट कशाने घटला हे पाहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर गिरणगाव विस्कटले. काही कुटुंबे गावी परतली. जी राहिली त्यांच्या पुढच्या पिढीला चाळींच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींत घर परवडेना, म्हणून ती दिवा, बदलापूर, नालासोपारा, विरार अशी सरकत गेली, आणि यांतले एकही ठिकाण मुंबई पालिकेच्या हद्दीत येत नाही. परळच्या शाळेतले शिक्षक वाईट शिकवू लागले म्हणून तिचा पट घटला, असे म्हणता येणार नाही. ज्या घरांतून मुले येत, ती घरेच तिथून उठली. ती जिथे गेली तिथे त्यांच्यासाठी सरकारी शाळा किती तयार होत्या, हेही विचारले पाहिजे. वसई-विरार महापालिका २००९ मध्ये स्थापन झाली, तरी तिच्या हद्दीतल्या सरकारी प्राथमिक शाळा आधी ठाणे आणि २०१४ नंतर पालघर जिल्हा परिषदेकडेच राहिल्या. वस्ती महानगराची आणि शाळांचा कारभार ग्रामीण, अशा स्थितीत पालकाने इमारतीच्या तळमजल्यावरची खासगी इंग्रजी शाळा गाठली, तर त्याला मराठीविषयी प्रेम नाही असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे आहे.

दुसरे कारण शाळेच्या दोन्ही टोकांना आहे. खासगी शाळा मुलाला तिसऱ्या वर्षी शिशुवर्गात घेते आणि दहावीनंतरच सोडते. पालिकेच्या प्राथमिक शाळांच्या मानाने तिच्या माध्यमिक शाळा फार थोड्या आहेत, त्यामुळे आठवीनंतर प्रवेशासाठी दारोदार फिरावे लागेल ही धास्ती पालकाला पहिलीतच असते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पूर्वप्राथमिकची तीन वर्षे शालेय रचनेत धरली आहेत. प्रत्येक मराठी शाळेला सक्षम बालवाडी आणि दहावीपर्यंतची हमी जोडून पाहा, आणि मग पट मोजा.

आपल्याकडे हाच विचार दुसऱ्या मार्गाने आला. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तालयाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा, म्हणजे अशा अनेक शाळांची मुले एकत्र आणणाऱ्या मोठ्या शाळा, उभारण्याचे प्रस्ताव मागवले, तेव्हा राज्यात अशा शाळा चौदा हजारांहून अधिक होत्या. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे, म्हणजे पटानुसार शाळेला किती शिक्षक मंजूर करायचे याचे, निकष बदलले आणि कमी पटाच्या वरच्या वर्गांना शिक्षक मिळणे आणखी अवघड झाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लहान शाळांत निवृत्त किंवा कंत्राटी शिक्षक नेमण्याचा निर्णय निघाला. शिक्षकांनी मोठे आंदोलन केले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तो रद्द झाला. आंतरजिल्हा बदल्यांनी रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातली पदे रिकामी होत राहतात, हे तर आपण सगळेच जाणतो. ज्या शाळेत जून महिन्यात शिक्षकच हजर नसतो, तिथे सप्टेंबरअखेरचा पट पाहून निर्णय घेणे मला मान्य नाही.

गिरगावकर (मूळ गाव गुहागर)

वाशिष्ठीताई, स्थलांतराचे विवेचन पटले, पण त्यातून आपण जो निष्कर्ष काढता तो पटला नाही. घरे उठून गेली असतील, तर त्यांच्या मागे शाळेची इमारत आणि शिक्षक तिथेच धरून ठेवण्याने कोणाचे हित होणार आहे? पालिका आठ माध्यमांतून शाळा चालवते, आणि कित्येक इमारतींत सकाळ-दुपारच्या सत्रांत तीन-तीन माध्यमांच्या शाळा भरतात. एका मजल्यावर चार वर्गांत मिळून जेमतेम तीस मुले आणि वरच्या मजल्यावर बसायला जागा नाही, अशी स्थिती असेल, तर करदात्यांच्या पैशाचा विचार करणे हा मराठीचा द्रोह ठरत नाही.

पालकांची पसंती लपलेली नाही. २०२०-२१ मध्ये पालिकेने जोगेश्वरीच्या पूनमनगरमध्ये सीबीएसईची आणि माटुंग्याच्या वूलन मिल शाळेत आयसीएसईची शाळा सुरू केली. पुढे सीबीएसई शाळांची संख्या वाढवावी लागली आणि प्रवेशासाठी सोडत काढावी लागली. माझ्या मुलीचे नाव अशाच सोडतीत लागले. तिथे शुल्क नाही, आणि दप्तर, गणवेश, वह्या, बूट धरून सत्तावीस वस्तू पालिकेच्या इतर शाळांप्रमाणेच मिळतात. घरकाम करणाऱ्या बाईची मुलगी आणि बँकेतल्या कारकुनाची मुलगी एका बाकावर बसतात. सार्वजनिक शाळेकडून आपली हीच अपेक्षा होती ना? ती पालिकेने पूर्ण केली, आणि केवळ माध्यम बदलले म्हणून तिला आपण ऱ्हास म्हणावे, हे मला अयोग्य वाटते. गरीब घरातल्या मुलाने मराठी शाळा टिकवण्याची जबाबदारी घ्यावी आणि सुस्थितीतल्यांनी तिच्यावर लेख लिहावेत, ही वाटणी मी स्वीकारणार नाही.

निवृत्त केंद्रप्रमुख (लांजा)

मुंबईचे मला अधिकाराने सांगता येणार नाही, परंतु कमी पटाच्या शाळेत मूल नेमके कसे शिकते, याविषयी बोलण्याचा थोडा अधिकार आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक मिळतात. पट आठ असला तरी इयत्ता पाचच असतात. एक शिक्षक प्रशिक्षणाला, निवडणुकीच्या कामाला किंवा तालुक्याला माहिती देण्यासाठी गेला, की उरलेल्या एकाने पाच इयत्तांना भाषा, गणित आणि परिसर अभ्यास शिकवायचा, पोषण आहाराची नोंद ठेवायची आणि ऑनलाइन माहितीही भरायची. याच कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला अन्य अशैक्षणिक काम देऊ नये असे म्हटले आहे. प्रत्यक्षात काय होते, ते शाळेत बसणाऱ्यालाच ठाऊक.

त्याहून गंभीर बाब मुलांच्या सोबतीची आहे. तिसरीत एकटीच मुलगी असेल, तर ती संवाद कोणाशी वाचणार, गणित सोडवताना तिची वेगळी रीत कोणाच्या रीतीशी ताडून पाहणार? मूल शिक्षकाकडून शिकते तितकेच शेजारच्या मुलाकडून शिकते. अशा वर्गात फार गुणी शिक्षकही वर्षभरात थकलेला मी पाहिला आहे. आपल्याकडे एका गावाच्या पाच-सहा वाड्या आणि प्रत्येक वाडीला शाळा, ही रचना घरटी चार-पाच मुले होती त्या काळातली आहे. आज गावात म्हातारी माणसे आणि कुलपे आहेत. केंद्रशाळेत, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या मुख्य शाळेत, साठ-सत्तर मुले एकत्र आली, तर प्रत्येक इयत्तेला नाही तरी प्रत्येक दोन इयत्तांना एक शिक्षक मिळेल, वाचनालय होईल, कबड्डीचा संघ उभा राहील. पुणे जिल्ह्यातील पानशेत आणि नंदुरबारमधील तोरणमाळ येथे हा प्रयोग झाला, आणि आयुक्तालयाने तोच नमुना समोर ठेवला होता. वाशिष्ठीताईंना शाळेविषयी वाटणारी आपुलकी मी समजू शकतो. माझा प्रश्न आत बसलेल्या मुलाविषयी आहे.

साकव (संगमेश्वर)

गुरुजींचे म्हणणे उन्हाळ्यात खरे आहे. आमच्या वाडीतून केंद्रशाळा तीन किलोमीटर असली, तरी वाटेत दोन पऱ्ये (ओढे) आहेत आणि एका पऱ्यावरचा साकव (छोटा पूल) जुलैत पाण्याखाली जातो. कायद्याने पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी, असे ठरवले ते सहा वर्षांच्या मुलाचे पाय मोजून ठरवले असावे. वाहतूक भत्ता खात्यात जमा होतो, पण ज्या वाटेवर रिक्षाच येत नाही तिथे भत्त्याने काय साधणार? आमच्या शेजारच्या वाडीतली शाळा बंद झाल्यावर दोन कुटुंबांनी मुलांसह मुंबई गाठली. म्हणजे इकडची शाळा मिटली आणि तिकडे नालासोपाऱ्याच्या खोलीत आणखी दोन मुले वाढली.

दांडी किनारा (मालवण)

शाळा बंद केल्यावर मुलांचे पुढे काय होते, याचा पद्धतशीर मागोवा घेतलेले एक मोठे शहर आहे, म्हणून त्याचा उल्लेख करतो. शिकागोने २०१३ मध्ये जवळपास पन्नास सार्वजनिक शाळा एकाच वर्षी बंद केल्या. कारण आपल्यासारखेच होते: बाके रिकामी, तिजोरीत तूट. बंद झालेल्या बहुतेक शाळा शहराच्या दक्षिण आणि पश्चिम भागांतल्या, कृष्णवर्णीय वस्त्यांतल्या होत्या. शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये या निर्णयाचा अहवाल प्रसिद्ध केला. बहुतेक मुले अधिक चांगली श्रेणी असलेल्या शाळांत गेली, ही गिरगावकरांच्या बाजूची गोष्ट. तरीही त्यांच्या अभ्यासाला अपेक्षित लाभ झाला नाही. निर्णय जाहीर झाला त्या वर्षीच त्यांचे गुण घसरले आणि गणितातला तोटा पुढेही काही वर्षे टिकला. दोन शाळांतली मुले आणि शिक्षक घाईने एकत्र आणल्यामुळे आपले-परके असे गट पडले, असेही त्या अहवालात आहे.

एका शहराचा अनुभव दुसऱ्याला जसाच्या तसा लागू होत नाही. मात्र चांगल्या शाळेत हलवले की मूल आपोआप चांगले शिकेल, हे गृहीतक तपासून पाहिले गेले आहे आणि ते पुरेसे ठरलेले नाही, एवढे म्हणण्यास हरकत नसावी.

वाशिष्ठी (चिपळूण)

गिरगावकर, आपल्या मुलीला चांगली सार्वजनिक शाळा मिळाली याचा मला मनापासून आनंद आहे आणि तशा शाळा वाढाव्यात, हेच माझे म्हणणे आहे. प्रश्न असा, की नवी इमारत, पूर्वप्राथमिक वर्ग, दहावीपर्यंतची सलगता आणि प्रवेशाची जाहिरात, हे सगळे एका माध्यमाच्या शाळेला दिले आणि दुसऱ्या माध्यमाच्या शाळेला गळके छप्पर दिले, तर पालकांनी जे निवडले त्याला माध्यमाची पसंती कसे म्हणायचे? याच सोयी देऊन चार मराठी शाळा चालवून दाखवा आणि मग तुलना करा. शिवाय सोडतीत ज्यांचे नाव लागले नाही, ती मुले कुठे गेली? सोडत ही सार्वजनिक शाळेची रीत असू शकत नाही. दारात आलेल्या प्रत्येक मुलाला आत घेणे ही तिची रीत आहे.

गुरुजी, एकट्या मुलीचे आपण जे सांगितले त्याला माझ्याकडे सोपे उत्तर नाही आणि ते डावलून मला वाद जिंकायचाही नाही. पण तोरणमाळची शाळा निवासी आहे. पहिलीतल्या मुलाला वसतिगृहात ठेवण्याचा मार्ग आपल्या वाड्यांनी घ्यावा, असे आपल्यालाही वाटत नसेल. चौथीपर्यंतचे वर्ग वाडीत राहू द्यावेत, आठवड्यातून दोन दिवस सगळ्या वाड्यांची मुले शाळेच्या गाडीने केंद्रशाळेत एकत्र यावीत, आणि पाचवीपासून पूर्णपणे तिथेच जावीत, हा मधला मार्ग कोणी गंभीरपणे करून पाहिला आहे का? त्यासाठी गाडी लागेल, स्थानिक डी.एड. झालेल्या तरुणांची कायम नेमणूक लागेल, आणि हा खर्च शाळा बंद केल्याने वाचणाऱ्या रकमेपेक्षा कदाचित जास्त असेल. तो करावा, असे माझे मत आहे. लहान शाळांतली मुले मागे पडतात म्हणताना हेही लक्षात घ्यावे, की रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाचे कोकण विभागीय मंडळ २०१२ पासून दहावीच्या निकालात राज्यात सतत पहिले आहे. २०२५ मध्ये त्याचा निकाल ९८.८२ टक्के लागला. ही मुले याच वाड्यांतल्या शाळांतून वर गेलेली आहेत.

आणि निर्णयाविषयी एक गोष्ट. कायद्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. मुंबई असो वा संगमेश्वर, त्या समितीच्या ठरावाशिवाय कोणतीही शाळा बंद वा विलीन होऊ नये.

निवृत्त केंद्रप्रमुख (लांजा)

दहावीच्या निकालावर मी विसंबणार नाही. दहावीला बसलेली मुले पाच-सहा वर्षे हायस्कुलात, भरलेल्या वर्गात शिकलेली असतात. तिसरीतल्या मुलाला परिच्छेद वाचता येतो का, हे त्या टक्केवारीवरून कळत नाही. दोन दिवस एकत्र येण्याची कल्पना मात्र मला करण्याजोगी वाटते. पावसाचे चार महिने वगळून दोन केंद्रांत ती आधी करून पाहावी आणि वाचन-गणिताची चाचणी आधी व नंतर घ्यावी.

समितीच्या ठरावाची अट मान्य आहे, पण त्यात एक दुरुस्ती हवी. समितीवर असतात ते ज्यांची मुले शाळेत उरली आहेत असे पालक. ज्यांनी मुलांना तालुक्याच्या इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत बसवले, त्याच वाडीतल्या त्या पालकांनाही बैठकीला बोलवावे आणि काय मिळाले तर मुले परत पाठवाल, हे त्यांच्या तोंडून इतिवृत्तात लिहून घ्यावे. त्यांचे उत्तर 'काहीही मिळाले तरी नाही' असे असेल, तर वाशिष्ठीताई, त्या शाळेसाठी आपण पुढे काय सुचवाल?