लाइम या गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या आजाराची अँटीबॉडी चाचणी निगेटिव्ह आली, म्हणजे आजार नाही असे धरावे का?

तापीकाठ, भुसावळ
माझा भाचा अमेरिकेत कनेक्टिकटमध्ये शिकतो. जूनमध्ये रानात भटकून आल्यावर आठवड्याभरात त्याच्या मांडीवर लाल चट्टा उठला, तो दिवसागणिक पसरत बांगडीएवढा झाला आणि मधून फिका पडला. तिथे रक्त तपासले, लाइमची चाचणी निगेटिव्ह आली आणि त्याला औषध न देताच घरी पाठवले. महिनाभराने चूळ भरताना पाणी ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून गळू लागले. चेहऱ्याची ती बाजू लुळी पडली होती. आता तीच चाचणी पॉझिटिव्ह आली. ऐन गरजेच्या वेळी जी चुकते, तिच्यावर डॉक्टरांनी विसंबावेच का?

सूक्ष्मदर्शक, धुळे
मुलाचे हाल वाचून वाईट वाटले, तरी वीस वर्षे प्रयोगशाळेत काढलेला माणूस म्हणून सांगतो, दोष चाचणीचा नाही. ती लाइमचा बोरेलिया हा जंतू शोधतच नाही. त्याच्याविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्ये म्हणजे अँटीबॉडी शोधते, आणि ती चाचणीत दिसण्याइतकी तयार व्हायला काही आठवडे जातात. म्हणूनच, लाइमच्या गोचिडी असलेल्या भागात राहणाऱ्याच्या अंगावर असा पसरणारा चट्टा दिसला, तर रक्ताच्या रिपोर्टची वाट न पाहता उपचार सुरू करावेत, असेच तिथले वैद्यकीय मार्गदर्शन आहे. तो चट्टा पाहूनही ज्यांनी कागदावर भरवसा ठेवला, चूक त्यांची. पुढे सांधे सुजण्याच्या टप्प्यात हीच चाचणी क्वचित चुकते. १९९५ पासून रूढ असलेल्या पद्धतीत आधी एलायझा ही प्रतिद्रव्यांची प्राथमिक चाचणी करतात, ती पॉझिटिव्ह किंवा संशयास्पद आली तरच वेस्टर्न ब्लॉट ही प्रतिद्रव्ये पट्ट्यांच्या रूपात दाखवणारी दुसरी चाचणी, आणि त्यात आयजीजी या प्रकारच्या प्रतिद्रव्यांच्या दहापैकी किमान पाच पट्ट्या उमटाव्या लागतात. इतकी कडक चाळणी खोटे पॉझिटिव्ह गाळण्यासाठीच लावलेली आहे.

सातपुडा, शहादा
चाळणी कडक असली, तरी पॉझिटिव्हचा अर्थही जपूनच लावावा लागतो. आपल्याकडे पावसाळ्यात ताप आला की विडाल ही टायफॉइडची प्रतिद्रव्ये मोजणारी चाचणी करतात, एकदाच रक्त घेतात आणि आकडा चढा दिसला की टायफॉइड ठरवून सलाईन लावतात. तो आकडा जुन्या संसर्गानेही चढलेला असू शकतो. लाइमची प्रतिद्रव्येही बरे झाल्यावर वर्षानुवर्षे रक्तात राहू शकतात. त्यामुळे औषधांचा कोर्स संपल्यावर आजार गेला का हे पाहण्यासाठी भाच्याची हीच चाचणी पुन्हा करू नका, उगाच घाबराल.

तापीकाठ, भुसावळ
हे ध्यानात ठेवीन. पण सूक्ष्मदर्शक यांनी सारी चूक डॉक्टरांवर टाकली, ते मला मान्य नाही. पहिला रिपोर्ट बहिणीने मला फोनवर पाठवला होता. त्यात ‘निगेटिव्ह’ हा शब्द ठळक होता, बाकी काहीच नव्हते. चट्टा उठल्यावर पहिल्या काही आठवड्यांत निगेटिव्ह आल्याने आजार नाही असे ठरत नाही, एवढे एक वाक्य त्याखाली छापलेले असते, तर त्याच रात्री आम्ही त्याला दुसऱ्या डॉक्टरकडे जायला लावले असते.