बदलते पृष्ठभाग आणि गोनोरियाची लस

‘पृष्ठभागावरील प्रथिने सतत बदलत असल्याने औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंवर लस शक्यच नाही’ हे मत मला अर्धेच पटते. गोनोरिया या लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या रोगाच्या जिवाणूपुरता त्यातला पहिला भाग अगदी खरा आहे. त्याच्या पृष्ठभागावरील ‘ओपा’ नावाच्या प्रथिनांच्या जनुकांत सीटीसीटीटी हा पाच अक्षरांचा तुकडा ओळीने अनेकदा येतो. डीएनएची प्रत निघताना त्यातला एखादा तुकडा गळला वा वाढला, की पुढचे सगळे वाचन सरकते आणि ते प्रथिन बंद पडते किंवा पुन्हा सुरू होते. पिलीचे, म्हणजे पृष्ठभागावरील केसांसारख्या तंतूंचे, प्रथिन तर निद्रिस्त जनुकांमधले तुकडे उसने घेऊन रूपच पालटते. कोरियातील अमेरिकी सैनिकांना टोचलेली शुद्ध पिलीची लस निष्प्रभ ठरली, यात मला नवल वाटत नाही.

पण न्यूझीलंडचा अनुभव या चर्चेत यायलाच हवा. तिथे २००४ पासून मेनिंजायटिस-बी या मेंदूच्या आवरणाच्या संसर्गाच्या साथीविरुद्ध मुलांना व तरुणांना दिलेली लस त्या रोगाच्या, गोनोरियाच्या जिवाणूशी जवळचे नाते असलेल्या जिवाणूच्या बाह्य पटलाच्या सूक्ष्म पिशव्यांपासून बनवली होती, म्हणजे तिच्यात एक नव्हे, अनेक प्रथिने होती. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिची गोनोरियाविरुद्धची परिणामकारकता सुमारे ३१ टक्के आढळली. तो निरीक्षणात्मक अभ्यास होता आणि फ्रान्समधील नंतरच्या चाचणीत तिच्याशी संबंधित नव्या लसीचा ठोस परिणाम दिसला नाही, हेही नोंदवले पाहिजे. तरीही इंग्लंडने २०२५ मध्ये जास्त जोखमीच्या गटासाठी हीच नवी लस सुरू केली. सेफ्ट्रायक्सोन या गोनोरियावरील मुख्य प्रतिजैविकालाही न जुमानणारे वाण सापडत असताना मला हा निर्णय योग्य वाटतो.