ईस्टरची पहाट : तुमच्या आठवणी लिहा

मोगरीचा_वेल :
सकाळी पाणी भरत होते. समोरच्या इमारतीतल्या खिडकीतून एक बाई ओरडली, "प्रभू उठला आहे!" येशू मेलेल्यांतून उठला म्हणून ईस्टरला एकमेकांना असंच म्हणतात, आणि उत्तर ठरलेलं. माझ्या तोंडून आपसूक निघालं, "खरोखर उठला आहे!" बाई फोनवर होती, माझ्याशी बोलतच नव्हती. बादली मात्र वाहून गेली.

आम्ही मूळचे नगरचे. ईस्टरला पहाटे चारला प्रभातफेरी. पुढे पेटीवाले काका, पेटी दोरीने गळ्यात अडकवलेली, मागे झांजा, त्यामागे पेंगणारी पोरं. फेरी दफनभूमीत जायची आणि उजाडताना उपासना तिथेच. मी सातवीत असताना बाबा गेले, ईस्टरच्या तीन आठवडे आधी. बाकीची थडगी चुना मारून पांढरी झालेली, आमचं अजून नुसत्या मातीचं. पाळकसाहेब म्हणाले, "प्रभू उठला आहे." सगळ्यांनी उत्तर दिलं. आई उकिडवी बसून मातीचं ढेकूळ बोटांनी फोडत होती. ओठ मिटलेले. घरी येताना एवढंच म्हणाली, "तोंडातून येईना गं."

पुढच्या वर्षीही तेच. तिसऱ्या वर्षी म्हणाली, हळू, सगळ्यांच्या मागून. मधे काय झालं ते मी कधी विचारलं नाही. आता आईही नाही.

तुमच्याकडचं लिहा. चर्चातलं, घरातलं, काहीही.

चिंच_गूळ :
आई गं. कुकर लावलाय, नंतर लिहिते.

वसईचा_वारा :
आमच्याकडे शनिवारी रात्री. बाहेर नवा अग्नी पेटवायचा, आत मिट्ट काळोख. मोठ्या मेणबत्तीवर क्रूस, अल्फा, ओमेगा आणि चालू वर्षाचे चार आकडे. एका मेणबत्तीवरून सगळ्यांच्या पेटत जातात. गुरुवारपासून घंटा मुक्या, त्याऐवजी लाकडी खटखट्या. त्या रात्री महिमास्तोत्राला सगळ्या घंटा एकदम सुटतात. माझ्या आजोबांना अजिबात ऐकू यायचं नाही. ते बाकावर दोन्ही तळहात टेकवून बसायचे. घंटा सुरू झाल्या की लाकूड थरथरायचं. मग माझ्याकडे बघून मान हलवायचे, झालं म्हणून.

नगरी_शेव :
@मोगरीचा_वेल गळ्यात पेटी म्हणजे भिंगारची फेरी का??

मोगरीचा_वेल :
नाही रे, गावातली. भिंगारवाले आमच्या आधी पोचायचे आणि आम्हाला हिणवायचे.

अर्धा_कप_चहा :
मी ख्रिस्ती नाही, वाचायला आलो. कबुली द्यायची आहे. ऑफिसातल्या मित्राला सहा वर्षं 'हॅपी गुड फ्रायडे' पाठवत होतो. दरवर्षी 'थँक्स भाऊ' यायचं. सातव्या वर्षी त्याने शांतपणे विचारलं, "त्या दिवशी काय झालं होतं माहितीये का? येशूला क्रुसावर खिळलं होतं."

चिंच_गूळ :
😂😂 माझ्या सासूबाई तर 'तुम्हालाही' म्हणतात. कुठे समजावत बसा!

दादरचा_जोसेफ :
थडग्यांचा विषय निघालाच आहे तर. मुंबईत कायमची जागा कोणाला मिळते? काही वर्षांनी खणतात आणि हाडं भिंतीतल्या खणात ठेवतात. आईच्या वेळी आम्ही दोघे भाऊ उभे होतो. खणणारे मामा एकेक हाड वर देत होते, अगदी कपबश्या दिल्यासारखं. जबडा आला. डावीकडच्या दाढेत चांदी. ती भरली तेव्हा मी तिच्याबरोबर दवाखान्यात होतो, बक्षीस म्हणून पेप्सीकोला मिळाला होता. बायबलमधल्या यहेज्केल संदेष्ट्याचा 37वा अध्याय, सुक्या हाडांचं खोरं, संडेस्कूलला पाठ केलेला. देव विचारतो, "ही हाडं जिवंत होतील काय?" यहेज्केलाने हो पण म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही. "प्रभू, तुलाच ठाऊक." माझंही तेवढंच.

शंकेखोर :
मग जाळलं तर उठणार कसं? आमच्या आजीची हीच भीती.

दादरचा_जोसेफ :
ख्रिस्ती कवी रेव्ह. ना. वा. टिळकांनी स्वतःच दहन करा म्हणून सांगून ठेवलं होतं. 1919 साली मुंबईत दहन झालं, रक्षा नगरला नेली. आम्हा कॅथलिकांना परवानगी 1963 मध्ये मिळाली. आणि बायबलात प्रेषित पौल म्हणतोच की, पेरतोस ते दाणा, उगवतं ते वेगळंच.

शंकेखोर :
आजीला हे सांगितलं असतं तर म्हणाली असती, तू आधी शेतात ये.

सदाफुली_६२ :
मोठं होईल, सांभाळून घ्या. आमच्याकडे बायबलातल्या वचनांची पेटी आहे, खाऊच्या डब्याएवढी, आत गुंडाळलेल्या चिठ्ठ्या. हे आयसीयूत होते तेव्हा मी रोज एक काढायचे. शेवटच्या दिवशी यिर्मया 29:11 आलं, माझे संकल्प तुमच्या हिताचे, अनिष्टाचे नाहीत. मी नर्सला दाखवलं, फोनवर सगळ्यांना सांगितलं. संध्याकाळी हे गेले. वर एका उपदेशकाने घरी येऊन ऐकवलं की तुमचा विश्वास कमी पडला. मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही. पेटी गव्हाच्या कोठीत खाली घातली.

दोनेक वर्षांनी कोठी रिकामी करताना सापडली. रागानेच बायबल उघडलं आणि अख्खा अध्याय वाचला. अकराच्या आधी दहावं वचन आहे हो! बाबेलात बंदिवान करून नेलेल्या लोकांना यिर्मयाने लिहिलेलं पत्र आहे ते, आणि हे सगळं तिथे सत्तर वर्षं भरल्यावर मग. ज्यांना पत्र लिहिलं त्यातले निम्मे तिथेच वारले असणार. त्यांना सांगितलंय काय, तर घरं बांधा, बागा लावा. हे चिठ्ठीवर कोणी छापत नाही. राग गेला असं नाही. पेटी आता फ्रिजवर असते, चिठ्ठी काढत नाही.

चिंच_गूळ :
काकू 🙏 चहा न विचारल्याबद्दल विशेष.

वसईचा_वारा :
मोगरी, तुझ्या आईवरून येशूचा शिष्य थोमा आठवला. बाकीचे शिष्य सांगत होते प्रभू उठलाय, तो म्हणाला, खिळ्यांचे व्रण पाहिल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही. आठ दिवसांनीही तो त्याच लोकांत होता. त्या आठ दिवसांबद्दल योहान शुभवर्तमानात एक ओळ लिहीत नाही. जेवला असेल, भांडला असेल. पण कोणी त्याला बाहेर काढलं नाही.

नगरी_शेव :
आणि शेवटी तोच भारतात आला म्हणतात.

अर्धा_कप_चहा :
मित्राला धाग्याची लिंक पाठवली. उत्तर आलं, 'थँक्स भाऊ'. आता भीतीच वाटते.

मोगरीचा_वेल :
सदाफुलीताई, तुमचं दोनदा वाचलं. काय लिहू.

आत्ता दार वाजलं. समोरच्या इमारतीतली बाई. "सकाळी तुम्हीच ओरडलात ना?" कोणत्या मजल्यावरून आवाज आला ते शोधत आली म्हणे. जालन्याची आहे, इथे येऊन चार महिने झाले. मटण टाकून आलीये, बसायला तयार नाही.

चिंच_गूळ :
तिला विचार, ईस्टरच्या मटणाला किती शिट्ट्या? माझं कधीच शिजत नाही.